मोठ्याने ‘ब्रेक’ म्हणणारे दोन वैमानिक

जपानहून परत आल्यावर लोक दोन प्रश्न विचारतात. फुजी दिसला का, आणि खाण्याचे हाल झाले का. फुजी दिसला नाही, ढग होते. खाण्याचे हाल अजिबात झाले नाहीत, उलट वजन वाढलं. एवढ्यावर ज्यांचं समाधान होईल त्यांनी इथेच थांबावं, कारण आम्ही फुजीसाठी गेलोच नव्हतो. आम्ही गेलो होतो एका म्हाताऱ्या इंग्रज वैमानिकाला भेटायला. निदान माझा भाऊ त्यासाठी गेला होता. मी गेले होते ती या भावाच्या हातातून गाडीची किल्ली सुटावी म्हणून.

सुधीरदादा माझा मोठा भाऊ. नौदलात लढाऊ विमानं चालवून निवृत्त झाला, आता पासष्टी ओलांडली आहे. समुद्रात डुलणाऱ्या जहाजावर विमान उतरवलेला हा माणूस पुण्यात आमच्याच सोसायटीच्या गेटच्या खांबाला दोनदा गाडी घासून आला आणि एकदा शेजारच्या जोगळेकरांच्या कुंड्यांवर चढला. वहिनी आता त्याच्या गाडीत बसत नाही, रिक्षाने जाते. तो गाडीने जातो आणि ती रिक्षाने, एकाच लग्नाला. वहिनीच्या गुडघ्यांमुळे तिला प्रवास झेपणार नव्हता, म्हणून मला सोबत पाठवलं. निघताना ती म्हणाली, “नीलू, त्याच्या त्या सरांकडून दोन शब्द ऐकव बाई त्याला. माझं ऐकायचं त्याने कधीच सोडलंय.”

हिगाशी-कसाई

दादाचा मुलगा अमेय टोकियोत हिगाशी-कसाईला राहतो. तिथल्या इमारतींत इतकी आपली माणसं आहेत की संध्याकाळी लिफ्टमध्ये शिरलं की कोणत्या मजल्यावर मोहरी तडतडली ते कळतं. अमेयची सात वर्षांची मुलगी ईरा आपण मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते आणि आपल्याला कळलं नाही की दया येऊन इंग्रजीत सांगते. पहिल्याच सकाळी दादाने नारळाची करवंटी चुकीच्या दिवशीच्या कचऱ्यात टाकली. ईराने दोन्ही हातांची फुली करून त्याला सांगितलं, “आजोबा, दामे!” दामे म्हणजे चालणार नाही. ज्या माणसाला घरात कुणी ‘नाही’ म्हणत नाही, तो निमूटपणे करवंटी परत घेऊन वर आला. मी ते लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेट्रोने निघालो, तर दादा पहिल्या डब्यात पुढे जाऊन चालकाच्या काचेला चिकटून उभा राहिला. इथले चालक पांढरे हातमोजे घालतात आणि सिग्नल आला की त्याच्याकडे बोट दाखवून मोठ्याने बोलतात. आत दुसरं कुणी नसतं. स्वतःलाच सांगायचं: सिग्नल हिरवा. वेग अमुक. दारं बंद.

“बघ, बघ!” दादा डबाभर ऐकू जाईल असं म्हणाला. “बोट दाखवतोय, बोलतोय! आणि चाळीस वर्षं तुम्ही मला वेड्यात काढता.”

हे खरं आहे. दादा घरातून निघताना दारात उभा राहून बोट दाखवतो: गॅस बंद, गीझर बंद, पंखा बंद, कुलूप. भाचेमंडळी त्याची नक्कल करतात. ही सवय त्याला सरांनी, म्हणजे त्या इंग्रज वैमानिकाने लावली. त्याच्या त्या विमानात, हॅरियरमध्ये, डाव्या हाताला दोन दांडे शेजारी शेजारी असायचे. एक इंजिनाची ताकद वाढवायचा, दुसरा इंजिनाचा झोत खाली किंवा मागे वळवायचा, म्हणजे विमान हवेत जागच्या जागी थांबायचं किंवा पुढे सुटायचं. घाईत चुकीचा दांडा ओढला की विमान दगडासारखं खाली. म्हणून सरांचा नियम होता: हात लावण्याआधी नाव घ्या, मोठ्याने. नाव घेतलं की हात चुकत नाही.

गाडी चालवतानाही दादा बोलतो. “ब्रेक,” म्हणतो आणि दाबतो. खांबाला घासली तेव्हाही म्हणालाच असेल.

कावासाकी

सरांची मुलगी एमी-सान टोकियोला लागून असलेल्या कावासाकीत नोकरी करते. पस्तिशीतली, नीटनेटकी, बोलताना दर वाक्याला किंचित वाकणारी. तिने आम्हाला स्टेशनजवळ सोबा नावाच्या लांब शेवया खायला नेलं. आपल्याकडे भुरके मारून खाल्लं की आया डोळे वटारतात. इथे शेजारचे साहेब टाय खांद्यावर टाकून असे भुरकत होते की मलाही संकोच उरला नाही.

सर म्हणजे मार्टिन. फॉकलंड नावाची बेटं आहेत, दक्षिण अटलांटिकमध्ये, नकाशावर माशी बसल्यासारखी दिसतात. त्यांच्यासाठी १९८२ साली ब्रिटन आणि अर्जेंटिना लढले. मार्टिनसर त्या युद्धात ब्रिटिश नौदलाकडून हॅरियर चालवत होते. पुढे काही वर्षांनी दादाची तुकडी ते विमान शिकायला इंग्लंडला गेली तेव्हा सर त्यांचे शिक्षक होते. नंतर त्यांनी मिचिको नावाच्या जपानी बाईंशी लग्न केलं आणि निवृत्तीनंतर दोघं तिच्या माहेरच्या बेटावर येऊन राहिले. तिथे तिची मिकानची बाग होती. मिकान म्हणजे संत्र्याची धाकटी बहीण, साल पटकन सुटते. मिचिकोबाई गेल्यावर सर तिथे एकटेच आहेत.

“सुधीर-सान,” एमी म्हणाली, “बाबा पंच्याहत्तरी ओलांडलेले आहेत. अजून व्हॅन चालवतात. इथे म्हातारी माणसं आपणहून पोलिसांकडे लायसन्स परत करतात. बाबांना सांगितलं की ते विषय बदलतात. ते फक्त वैमानिकांचं ऐकतात. तुम्ही बोलाल का?”

दादाने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “नक्की बोलतो. या वयात गाडी म्हणजे दुसऱ्यांच्या जिवाशी खेळ.”

मला ठसका लागला. एमी पाठीवर हात फिरवायला उठली. तिला वाटलं, ती झणझणीत वसाबी जास्त झाली.

दादा हात धुवायला गेल्यावर मी तिला खरी गोष्ट सांगितली. ती आधी तोंडावर हात ठेवून हसली, मग गंभीर झाली. “एक गोष्ट मात्र आहे,” ती म्हणाली. “व्हॅन गेली तर त्यांना वरच्या बागेत जाता येणार नाही. ती आईची बाग आहे. म्हणून मीसुद्धा जोर करत नाही.”

म्हणजे हे प्रकरण कुंड्यांइतकं सोपं नव्हतं.

बेटावर, पहिला दिवस

बुलेट ट्रेनचं वर्णन सगळ्यांनी केलेलं आहे, मी सोडते. ओसाका मागे पडलं. गाडी बदलली, मग बोट. बेटांनी वेढलेल्या आतल्या समुद्रात पाणी इतकं शांत की दादाला ते समुद्र म्हणून पटेना. “हे तर पानशेत आहे,” म्हणाला.

धक्क्यावर सर उभे होते. उंच, वाळके, डोक्यावर विणलेली टोपी, पायात रबरी बूट. दादाने टाचा जुळवल्या. सर म्हणाले, “सिड, तू जाड झालास.” दादाला सिड म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. मग दोघांनी हात मिळवला आणि तो बराच वेळ सोडला नाही. बोलणं अर्थात इंग्रजीत होतं, मी इथे मराठीत लिहिते आहे.

व्हॅन पांढरी, लहान, खोक्यासारखी. बेटावरचे रस्ते आमच्या सोसायटीच्या जिन्याएवढे, एका बाजूला दगडी बांध आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. वळणावळणावर नारिंगी खांबावर गोल आरसे. सर टोपी सारखी करून बसले आणि सुरू झाले: “आरसा. पहिला गिअर. ब्रेक. डावीकडे.” प्रत्येक शब्दानंतर ती ती कृती, घड्याळासारखी. मागे बसून मी श्वास धरला होता, पण चालवलं त्यांनी उत्तम. दादाने वळून माझ्याकडे असं पाहिलं की जणू वर्ल्डकप त्यानेच जिंकला.

उतरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, “एमीला काय कळतंय? सर मस्त चालवतात.”

“आणि दुसऱ्यांच्या जिवाशी खेळ?”

“तो सर्वसाधारण नियम झाला गं.”

माझं पुण्यात फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. मला एवढं दिसलं की सरांची मान जवळजवळ वळत नाही, वळायचं तर खांद्यांसकट वळतात. आणि बूट काढताना उजवा पाय त्यांनी कुठे ठेवला आहे ते खाली बघून ठरवलं. ते मनातच टिपून ठेवलं. पाहुणी होते.

जेवण त्यांनी स्वतः केलं. आपल्या तांबोशीच्या तोंडवळ्याचा मासा मिठात भाजलेला, भात, मिसोचं सूप, मुळ्याचं लोणचं. भाताची पहिली वाटी घेऊन ते भिंतीतल्या लहान देव्हाऱ्यापुढे गेले. तिथे मिचिकोबाईंचा फोटो होता. वाटी ठेवली, शेजारी एक मिकान ठेवलं, घंटी वाजवली. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्याकडेही पान वाढत नसत, फक्त आम्ही तो देवाला दाखवायचो. वहिनीने दिलेल्या चकल्या मी बाहेर काढल्या, तर सरांनी त्यातलीही एक आधी तिकडे ठेवली.

दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. सरांनी युद्धात ज्या जहाजावरून उड्डाणं केली तेच जहाज पुढे आपल्या नौदलाने घेतलं, आणि दादा त्याच जहाजावरून उडाला. एकाच घरात वेगवेगळ्या काळी भाड्याने राहिलेल्या बिऱ्हाडांसारखं दोघांचं बोलणं.

“डेकखालच्या त्या केबिनचं छत गळायचं, ते थांबलं का?” सरांनी विचारलं.

“नाही सर. आम्हीसुद्धा बादलीच ठेवायचो.”

“आमचीच बादली असेल.”

“वास मात्र बदलला, सर. तुमच्या वेळी बेकनचा, आमच्या वेळी फोडणीचा.”

मी विचारलं, युद्ध कसं असतं? दादाला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता, तो युद्धात गेलाच नाही, आणि त्याला ते बोचतं हेही मला माहीत आहे. सर हसले. म्हणाले, बहुतेक वेळ वाट बघणं असतं. पाण्यात पडलो तर गारठून मरू नये म्हणून रबरी सूट घालायचा, गळ्याशी इतका घट्ट की मानेची साल निघे, तिथे बाळाची पावडर लावायची. तो घालून विमानात पट्टे बांधून बसायचं, डेकवर, वाऱ्यात, कधी हुकूम येईल म्हणून. तासन्‌तास. नाक खाजलं तरी हेल्मेटमुळे पंचाईत. “लोकांना वाटतं आम्ही शत्रूचा विचार करत असू. मी बहुतेक वेळ लघवीचा विचार करत असे.”

“आणि उडाल्यावर?”

“उडाल्यावर बरं वाटायचं. परत येताना नाही. आपण निघालो तेव्हा जहाज जिथे होतं तिथे परतताना नसतं. ते लपत असतं, दिवे नसतात. एकदा धुकं असं की पंखांची टोकं दिसेनात आणि इंधन संपत आलेलं. कुणीतरी डोकं चालवून जहाजाच्या मागे पाण्यात पेटते दिवे सोडले, एकामागे एक. त्या ओळीवरून मी घरी आलो. उतरल्यावर पाय इतके लटपटत होते की शिडी उतरवेना. सगळ्यांना सांगितलं, पट्टा अडकलाय.”

मग चकली मोडत त्यांनी कॉलिनची गोष्ट सांगितली. कॉलिन त्यांचा उड्डाणातला जोडीदार. एका सकाळी सरांचा कान बंद झाला, सर्दीने. कान बंद असताना वेगाने खाली आलं की डोकं फुटतं, माणूस भोवंडतो. पण त्या दिवशी विमानं कमी, वैमानिक कमी, सगळे थकलेले. सरांनी वरिष्ठांपुढे जाऊन सांगितलं, “आज मी उडणं बरोबर नाही.” त्यांच्या जागी कॉलिन गेला. त्याच्या विमानाला आग लागली, त्याने उडी मारली, आणि त्या बर्फाळ पाण्यात रबरी होडीत पडून राहिला. हेलिकॉप्टरने शोधून आणला तेव्हा तो निळा पडला होता.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“म्हणाला, तुझ्या कानाच्या कृपेने महिन्याभरात पहिली अंघोळ झाली.” सर हसले, आणि थांबले. “सगळ्या युद्धात मला सर्वांत अवघड काय गेलं विचाराल, तर ते वाक्य. आज मी उडणं बरोबर नाही. बाकीचं सगळं शिकवलेलं होतं.”

मी दादाकडे पाहिलं. दादा छताकडे पाहत होता.

बेटावर, दुसरा दिवस

सकाळी सर आम्हाला वरच्या बागेत घेऊन गेले. डोंगराला पायऱ्या पाडून लावलेली झाडं, फळांनी वाकलेली, आणि खाली निळा समुद्र नि लहान लहान बेटं. इथे मिकान हाताने ओढत नाहीत, कात्रीने दोनदा कापतात, एकदा देठ लांब ठेवून आणि मग फळाशी सपाट, म्हणजे शेजारच्या फळाला ओरखडा उठत नाही. माझ्या पहिल्या चार फळांना सरांनी नापास केलं. “मिचिको मला पहिलं वर्षभर कात्री देत नव्हती,” म्हणाले. “फक्त क्रेट उचलायचे.”

दोन क्रेट भरून आम्ही खाली निघालो. उतारावर रस्त्याकडेला एक लाकडी मांडव होता, विक्रेता नसलेलं दुकान. मिकानच्या पिशव्या, मुळे ठेवलेले असतात, आपण घ्यायची आणि डब्यात नाणं टाकायचं. ते शेजारच्या ओकादाबाईंचं होतं. सरांना तिथे मुळे घ्यायचे होते. व्हॅन हळू येत होती. “आरसा,” सर म्हणाले. “ब्रेक.”

आणि व्हॅनने उडी मारली.

एवढंच मला आठवतं की ‘ब्रेक’ हा शब्द मी स्वच्छ ऐकला आणि त्याच क्षणी सीटवर मागे फेकली गेले. मग लाकूड मोडल्याचा आवाज, बांधाला धडक, आणि इंजिन बंद. समोरच्या काचेवरून मिकानं घरंगळत होती. ती रस्त्यावर पडून उताराने निघाली, शेकडो, टप्पे खात, एकमेकांना मागे टाकत, थेट समुद्राकडे.

“सगळे ठीक?” सरांनी विचारलं. आवाज एकदम शांत, वैमानिकाचा. सगळे ठीक होतो. दादाचा चष्मा माझ्या मांडीवर आला होता.

मी उतरून पुढे गेले. उजव्या चाकाखाली एक प्लॅस्टिकचा क्रेट चेपून पडला होता. उलटा ठेवलेला, बसण्यासाठी. त्याच्यावर निळ्या कापडाची शिवलेली छोटी उशी होती. सकाळी वर जाताना आम्ही ओकादाबाईंना त्याच उशीवर बसून फळं निवडताना पाहिलं होतं. त्यांनी हात हलवला होता.

मी हाक मारली. कुणी ओ दिली नाही. मग मागच्या घराचं दार सरकलं आणि बाई आल्या, ऐंशीच्या पुढच्या, कमरेत वाकलेल्या, एका हातात चहाचा थर्मास. चहा भरायला गेल्या होत्या.

आता आपल्याकडे हे झालं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको. पन्नास माणसं, पंचवीस सल्लागार. इथे ओकादाबाईंनी मोडलेला मांडव पाहिला, आम्हाला पाहिलं, आणि खोल वाकून त्यांनीच माफी मागितली. मांडव रस्त्याच्या इतका जवळ घातला ही त्यांची चूक, असं त्या म्हणाल्याचं सरांनी नंतर सांगितलं. सर उतरले. त्यांची नजर चाकाखालच्या उशीवर गेली, आणि ते वाकले ते वर येईनातच. शेवटी दादाने त्यांना दंडाला धरून उभं केलं.

मी मिकानं गोळा करायला लागले. कुणीतरी काहीतरी कामाचं करायला हवं होतं. निम्मी समुद्रात गेली, बाकीची आणली. ओकादाबाईंनी मला थर्मासमधला चहा दिला आणि मी तो प्यायले, उभ्याने.

ओकादाबाईंच्या मुलाने व्हॅन चालवून आम्हाला घरी आणलं. मग सर खुर्चीत सरळ बसले आणि म्हणाले, “सिड, डीब्रीफ.”

दादाने मला समजावलं: उड्डाणानंतर सगळे खोलीत बसतात. हुद्दे दाराबाहेर ठेवायचे. ज्याने विमान चालवलं तो आधी बोलतो, स्वतःच्या चुका सांगतो. कारणं द्यायची नाहीत आणि सॉरी म्हणायचं नाही, त्याने कुणी काही शिकत नाही.

“मी ब्रेक म्हणालो,” सर म्हणाले. “पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता. तो तिथे आहे हे मला कळलं नाही. व्हॅन सुटल्यावर मी आणखी दाबलं, कारण मला वाटत होतं मी ब्रेक दाबतोय.”

“सर, तुम्ही नाव घेतलंत,” दादा म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. “नाव घेतलं की चूक होत नाही.”

“तोंड बरोबर होतं. पायाने ऐकलं नाही.”

तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली. “पाय द्या,” म्हटलं. मोजा काढला. “डोळे मिटा. मी अंगठा हलवते, वर की खाली ते सांगा.”

मी अंगठा वर केला. “खाली,” सर म्हणाले. खाली केला. “हलवला नाहीत अजून.” वर. “खाली.” दादा बघत होता, त्याने तोंड उघडलं, मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

“डोळे उघडा,” मी म्हटलं. “तुमच्या पायाची बातमी वर पोचत नाही. हे का झालं ते डॉक्टरांना दाखवा, लवकर. पण पेडल या पायाच्या हातात देऊ नका.”

सर स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत राहिले, ओळखीच्या माणसाने ओळख दाखवू नये तसे. मग खिडकीतून वरच्या बागेकडे बघितलं. तिथून दिसते ती, डोंगराच्या खांद्यावर.

“ओकादा चहा भरायला गेली होती,” ते म्हणाले. “मी नशिबावर उतरलो. त्याला उतरणं म्हणत नाहीत.” मग हलकेच, “आज मी उडणं बरोबर नाही.” आणि थोड्या वेळाने, “उद्याही नाही.”

दादाने डोळे पुसले आणि पडसं झाल्याचं सोंग केलं. मला वाटलं संपलं. पण सर त्याच्याकडे वळले, खांद्यांसकट.

“आता तू.”

“मी? मी तर चालवत नव्हतो, सर.”

“तुझ्या बहिणीकडे अहवाल आहे, असं एमीने कळवलंय.”

लहानपणी मी बर्फीची चुगली केली तेव्हा बघितलं होतं, तसं दादाने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं: खांब दोनदा, कुंड्या एकदा, बायको रिक्षात. कारणं न देता. मग दादाच्या अंगठ्याची परीक्षा घेतली. पास, दहापैकी दहा. त्याची कॉलर ताठ झाली. “आता मान,” मी म्हटलं. “खांदे न हलवता उजवीकडे बघ. मागे भिंतीवर काय आहे?”

दादाची मान अर्ध्या वाटेत थांबली. “कॅलेंडर,” तो अंदाजाने म्हणाला.

भिंतीवर सरांची टोपी होती.

दादा उठून अंगणात गेला आणि सरांच्या व्हॅनचा चेपलेला बंपर बघत उभा राहिला. त्याने काही कबूल केलं नाही. मीही मागे गेले नाही.

पोलीस स्टेशन

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा सरही बोटीत चढले, कोट-टाय घालून. पलीकडच्या गावात पोलीस स्टेशन आहे. एमी टोकियोकडून पहाटेच निघाली होती, ती दारात भेटली. तिने बापाला मिठी मारली नाही, टाय सरळ केला.

काउंटरवरच्या पोलीसबाईंनी सरांचं लायसन्स दोन्ही हातांनी घेतलं, उभ्या राहिल्या आणि इतकी वर्षं सांभाळून चालवल्याबद्दल त्यांचे आभार मानले. बदल्यात एक ओळखपत्र देतात, आजवर चालवल्याचं. मला ही पद्धत फार आवडली. आपल्याकडे माणूस काही सोडतो तेव्हा आपण त्याला सुटलास म्हणतो. इथे उठून उभे राहतात.

वरच्या बागेचं त्यांनी बोटीतच ठरवून टाकलं होतं. ती ओकादाबाईंचा मुलगा करणार. घराजवळची झाडं सर स्वतःकडे ठेवणार. एमीने तिच्याकडे कावासाकीला राहायला येण्याचा विषय काढला, सरांनी बदलला, या वेळी तिने बदलू दिला. फिरायला म्हणून म्हाताऱ्यांसाठी विजेवर चालणारी एक चारचाकी खुर्ची मिळते, तिला लायसन्स लागत नाही, चालण्याच्याच वेगाने जाते.

“ती हवेत थांबते का?” सरांनी विचारलं.

स्टेशनवर दोघांनी पुन्हा हात मिळवला. सर म्हणाले, “सिड, मान.” एवढंच. दादा गाडीत बसल्यावरही खिडकीतून मागे बघत होता, खांद्यांसकट.

पुणे

परतीच्या विमानात दादा सिनेमा बघत होता की बघतोय असं दाखवत होता, मला कळलं नाही. मी वहिनीला फोनवर एवढंच म्हटलं, सर चांगले आहेत.

विमानतळावर भाड्याची टॅक्सी केली. घरी आलो तर वहिनी दारात. दोन दिवसांनी आम्हा तिघांना आत्याकडे जेवायला जायचं होतं. त्या दिवशी वहिनी सवयीने फोनवर रिक्षा बोलवायला लागली. दादा किल्ली घेऊन खाली उतरला, मी मागोमाग. तो नेहमीसारखा चालकाच्या दाराशी गेला, हँडलला हात लावला आणि थांबला. खालच्या वॉचमनने पाहिलं, जोगळेकरांनी गॅलरीतून पाहिलं, नव्या कुंड्यांच्या मागून.

दादाने हात काढला. गाडीला वळसा घालून डावीकडे आला, त्या दाराकडे बोट दाखवलं आणि मोठ्याने म्हणाला, “प्रवासी.”

मग किल्ली माझ्या हातात दिली. वहिनीने फोन पर्समध्ये टाकला आणि कितीतरी महिन्यांनी त्या गाडीत बसली.

गेटपर्यंतसुद्धा पोचलो नव्हतो. “आरसा,” दादा म्हणाला. “बघितलास का आरसा? नाव घे आधी. अगं नीलू, ब्रेक मोठ्याने म्हण!”